मदत हवी आहे: नऊ महिन्यांचा व्हिपेट जातीचा कुत्रा, घरात शहाणा, बाहेर भित्रा आणि बहिरा

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. आमच्या व्हिपेटचं नाव शेवगा (अंगकाठी बघून मुलीने ठेवलंय). घरात अगदी गुणी. हाक मारली की येतो, 'थांब' म्हटलं तर भरल्या वाडग्यासमोरही थांबतो. दाराबाहेर पडलो की सगळं शिक्षण घरीच राहतं.

कचऱ्याची गाडी, स्कूटरवरची मुलं, मोठा कुत्रा, काहीही दिसलं की शेपूट पोटाखाली आणि पाय जमिनीला खिळलेले. परवा तर कोणीतरी रस्त्यावर टाकलेल्या सोफ्याला घाबरला. कोणी कौतुकाने हात लावायला आलं की हा माझ्या पायांमागे. नवरा म्हणतो, 'ओढून ने, होईल सवय.' मला ते पटत नाही, पण दर वेळी उचलून घ्यावं का, तेही कळत नाही.

आणि बागेत खार दिसली की हाच भित्रा जीव असा झेपावतो की माझा खांदा निखळायचा बाकी राहतो. तेव्हा हाक, खाऊ, काही म्हणजे काही चालत नाही. व्हिपेट ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणून मोकळं सोडायची हिंमत होत नाही. शहराबाहेर गेलं तर मेंढ्यांची कुरणं.

'बस' म्हटलं तर अर्धवट टेकतो आणि उठतो. क्लासमधले लॅब्रॅडॉर ठाण मांडून बसलेले असतात, आमचा उभाच. शिवाय ५ नोव्हेंबरला इथे बोनफायर नाइटचे फटाके. आणि सासूबाई व्हिडिओ कॉलवर त्याच्या फासळ्या बघून 'अगं, त्याला खायला घाल' म्हणतात, त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १
आमच्याकडे ही दुसरी व्हिपेट. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं या जातीत ठीकच, असं सासूबाईंना बिनधास्त सांगा. 'बस'चा हट्ट सोडा. मागच्या मांड्या भरलेल्या, अंगावर चरबी नाही, थंडगार फरशीवर बसणं पुष्कळांना नकोसं होतं. उभं राहून थांबणं शिकवा, नाहीतर मऊ चटईवर आडवं होणं.

भीतीचं सगळं गणित अंतराचं. गाडी दिसतेय तरी खाऊ खातोय, ते अंतर बरोबर. खाऊ नाकारला की तुम्ही फार जवळ आहात, मागे फिरा. गाडी दिसली की चिकनचा तुकडा, गेली की बंद. ओढू मात्र नका. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. तो टेकला तर टेकू द्या. अनोळखी माणसांना सरळ 'हात लावू नका' म्हणा, इंग्रजांना वाईट वाटलं तर वाटू दे. हे वय अडनिडं, सुटलेली भीतीही या काळात परत येते.

हाकेसाठी उपाय तुमच्याच भागातला आहे. उत्तर इंग्लंडचे खाणकामगार व्हिपेटच्या शर्यती लावायचे. एक जण कुत्रा धरून ठेवायचा, मालक पल्ल्याच्या टोकाला फडकं हलवत ओरडायचा, आणि कुत्रा त्या फडक्याकडे सुटायचा. तेच करा. नवऱ्याने धरायचं, तुम्ही फडकं फडफडवत पळत सुटायचं, हाक मारायची. पोहोचला की फडक्याची मनसोक्त खेचाखेची. खाऊपेक्षा या मंडळींना पाठलाग प्यारा. तासावर भाड्याने मिळणारी कुंपणाची मैदानं शोधा, कुंपण उंच हवं.

प्रतिसाद २
ताई, मी लातूरचा, घरी कारवान कुत्रा. तीही नजरेने शिकार हेरणारी जात. मान ताणली, कान उभे राहिले, तोच क्षण हाकेचा. एकदा सुटला की घसा फोडू नका. न ऐकलेली हाक दहा वेळा मारली की ती हाकच फुकट जाते.

धागाकर्ती
दोघांचे आभार! फडक्यासाठी नवऱ्याचा जुना टी-शर्ट ठरलाय, त्याला अजून माहीत नाही. मैदान मिळेपर्यंत बागेत लांब दोरी लावली तर चालेल का? आणि फटाक्यांचं राहिलं.

प्रतिसाद १
चालेल, पण दोरी छातीपट्ट्याला अडकवा, गळपट्ट्याला कधीच नाही. पूर्ण वेगात हिसका बसला तर मान जायबंदी होईल. ५ नोव्हेंबरला अंधार पडायच्या आत फिरवून आणा, पडदे ओढा, टीव्ही मोठ्याने लावा आणि पांघरुणात शिरू द्या. फारच थरथरत असेल तर पशुवैद्याकडे ऑक्टोबरमध्येच जा, आदल्या दिवशी नको.