वळण संस्कारवर्गात लागते की घरात?

नेरूळची आई : आया नोकरीला जातात म्हणून मुलांना वळण राहिलेले नाही, तेव्हा रविवारचा संस्कारवर्ग सक्तीचा करावा आणि न ऐकणाऱ्यास दोन फटके द्यावेत, असे काल येथे एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले. त्या लेखनात वडिलांचा उल्लेख एकदाही नाही. गेल्या महिन्यात ठाणे स्थानकाच्या तिकीट खिडकीवर माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वडिलांनी मुलाला हळूच बजावले, ‘विचारलं तर चार वर्षांचा आहे म्हण.’ पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पुढे बारापर्यंत अर्धे लागते. मुलगा मोठ्याने म्हणाला, ‘पण बाबा, मी पहिलीत आहे ना!’ त्यावर वडिलांनी त्याला डोळे वटारून गप्प केले. खरे बोलल्याबद्दल दटावणी मिळालेल्या त्या मुलाला रविवारी कोणता श्लोक शिकवावा?

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक : एका बापाच्या लबाडीवरून संस्कारवर्ग निरुपयोगी ठरत नाही. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा होत असे आणि लहानपणी पाठ केलेल्या ओळींचा अर्थ मला पत्नीच्या आजारपणात उमगला. शेजारच्या झाडाचे पेरू चोरल्यावर वडिलांनी मला मारले. त्यानंतर मी परक्या वस्तूला कधीही हात लावलेला नाही.

वाशीचा बाप : शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, हे आपण शिक्षक असूनही विसरता? मीही मार खाल्ला आहे. त्यातून मी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हुबेहूब करायला शिकलो.

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक : माझ्या वडिलांना यात ओढू नका. मी घरातल्या शिस्तीबद्दल बोलत होतो. आमच्या इमारतीतली दहा वर्षांची मुले साठीच्या रखवालदाराला ‘ए वॉचमन’ म्हणून हाका मारतात, हे आपल्याला चालते का?

वाशीचा बाप : मुळीच चालत नाही. पण ती हाक त्यांनी कोणाकडून उचलली? आमच्या सोसायटीच्या सभेत मोठी माणसे बारा तास उभ्या असलेल्या आमच्या रखवालदाराबद्दल अरे-तुरेत बोलतात, त्याच्यासाठी खुर्ची घ्यायची की नाही यावर तासभर वाद घालतात आणि मुले मागे बसून सारे ऐकत असतात.

नेरूळची आई : माझ्या मुलीनेही एकदा तशीच हाक मारली होती. तिला रागावण्याआधी मला आठवले की पार्सल घ्यायला मी स्वतः ‘वॉचमन, वर पाठवा’ एवढेच म्हणते. तेव्हापासून आम्ही दोघी त्यांना काका म्हणतो. गुरुजी, तुमच्या रखवालदारांचे नाव काय?

नौपाड्याचे निवृत्त शिक्षक : ते सात वर्षे आमच्या दारावर आहेत आणि मला त्यांचे नाव ठाऊक नाही, हे मान्य करावे लागेल. उद्या सकाळी विचारीन. फटक्यांबद्दल आपल्याशी माझे पटणार नाही आणि परवचा तर मी सोडणार नाहीच.

नेरूळची आई : परवचा सोडा असे कोणीच म्हटलेले नाही. उद्या नाव विचारायला जाल तेव्हा नातवाला सोबत न्या.