मदत हवी आहे: लॅटिनची कर्मणी रूपे पाठ आहेत, तरी वाक्ये चुकतात

रानवाट
तातडीने मदत हवी आहे. लॅटिनमधला कर्मणी प्रयोग जमत नाही. तक्ता पाठ आहे (‘प्रेम करणे’ या क्रियापदाची कर्तरी-कर्मणी रूपे): आमो-आमोर, आमास-आमारिस, आमात-आमातुर, आमामुस-आमामुर, आमातिस-आमामिनी, आमांत-आमांतुर. तरी माझी भाषांतरे उत्तरसूचीशी जुळत नाहीत. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. एखादा सरळ नियम सांगा. ‘तक्ता पाठ करा’ हे कृपया नको.

शमीपत्र
कोणती वाक्ये? कोणता काळ? लॅटिनमधून मराठीत की उलट? तुम्ही दिलेला तक्ता पहिल्या गणाच्या वर्तमानकाळाचा आहे. गण, म्हणजे क्रियापदांचे वर्ग, चार आहेत आणि भूतकाळी कर्मणी रूप तर या तक्त्यातून होतच नाही.

पाणिनीप्रेमी
आधी संस्कृतचे आत्मनेपद (क्रियापदाच्या प्रत्ययांचा एक संच) पक्के करा, निम्मे लॅटिन तिथेच सुटते. ‘लभते’चे (मिळवतो) रूप आत्मनेपदी, पण अर्थ कर्तरी. लॅटिनमध्ये तसे ‘सेक्वितुर’ (पाठलाग करतो). ते आणि संस्कृत ‘सचते’ एकाच धातूतून आले आहेत.

रानवाट
मला संस्कृत येत नाही. आठवड्यात कुठून आणू?

घंटानाद
उच्चाराकडेही लक्ष द्या. सिसेरो या नावाचा अभिजात उच्चार ‘किकेरो’, चर्चमधला ‘चिचेरो’. दोन्हींची सरमिसळ करू नका.

शमीपत्र
उच्चाराचे कुणी विचारलेले नाही. रानवाट, वाक्ये द्या.

रानवाट
ही घ्या.
१. कैसार होस्तेस सेक्वितुर. मी लिहिले: सीझरचा शत्रूंकडून पाठलाग होतो. चूक.
२. उर्ब्स काप्ता एस्त. मी लिहिले: शहर जिंकले जाते. चूक.
३. ‘सैनिकाने शहर जिंकले’ याचे लॅटिन मी केले: उर्ब्स आ मीलिते काप्ता एस्त. सूचीत आहे: मीलेस उर्बेम केपित.
४. दिउ पुग्नातुम एस्त. यात कर्ताच सापडत नाही.

शमीपत्र
आता बोलता येईल. चारही अडचणी वेगवेगळ्या आहेत, म्हणून एक नियम मिळणार नाही.

पहिले वाक्य. सेक्वोर हे क्रियापद दिसायला कर्मणी, अर्थाने कर्तरी. कोशात पाहा: सेक्वोर, सेक्वी, सेकूतुस सुम. कोशातले पहिलेच रूप ‘ओर’ने संपत असेल तर ते या वर्गातले. होर्तोर, लोक्वोर, पातिओर, ऊतोर, मोरिओर हे नेहमी भेटणारे. वाक्यातही खूण आहे. ‘शत्रूंकडून’ म्हणायचे असते तर ‘आब होस्तिबुस’ आले असते. होस्तेस प्रथमेचे असू शकते आणि द्वितीयेचेही, पण क्रियापद एकवचनी आहे, म्हणून कर्ता कैसारच. या वर्गाची आज्ञार्थी रूपेही फसवतात. ‘सेक्वेरे’ हे हेत्वर्थक (‘करणे’सारखे मूळ रूप) नव्हे, त्याचा अर्थ ‘पाठलाग कर’.

दुसरे. ‘एस्त’ दिसले की वर्तमानकाळ, असे धरू नका. काप्ता एस्त म्हणजे जिंकले गेले. वर्तमान हवा तर कापितुर. ‘जिंकले गेले होते’ असेल तर काप्ता एरात. यातला काप्ता हा शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलतो: ओप्पिदुम काप्तुम एस्त (गाव जिंकले गेले), मीलितेस काप्ती सुंत (सैनिक पकडले गेले).

तिसरे मराठी माणसाला हमखास नडते. आपल्या भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते: सैनिकाने गाव जिंकले, सैनिकाने गावे जिंकली. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. लॅटिनमध्ये याच अर्थाचे साधे वाक्य कर्तरी असते, कर्ता प्रथमेत. तपासायचे असे: मराठी वाक्य वर्तमानकाळात घाला. ‘सैनिक शहर जिंकतो’ असे झाले, ‘ने’ गळाला, की लॅटिनमध्ये कर्तरी. ‘सैनिकाकडून शहर जिंकले जाते’ असेच राहिले तर कर्मणी.

पाणिनीप्रेमी
हा घोळ मराठी व्याकरणाच्या संज्ञा वापरल्यामुळे होतो. चौथे वाक्य संस्कृतच्या भावे प्रयोगासारखे आहे, ‘तेन गतम्’ पाहा. पुग्नातुम नपुंसकलिंगी एकवचन. कर्ता शोधायचाच नाही. ‘बराच वेळ लढाई चालली’ असे लिहा. वर्तमानात पुग्नातुर. जाण्याचे ‘इतुर’ हे रूपही तसेच.

शमीपत्र
चौथ्याचे उत्तर बरोबर आहे. पण संज्ञा टाकून देऊ नका. भावे प्रयोग मराठीत आहे म्हणूनच हे वाक्य आपल्याला लवकर कळते.

उंबरफूल
दुसऱ्या नियमाला एक आडकाठी. सीझरचे गॉल युद्धावरचे लेखन ‘गाल्लिआ एस्त ओम्निस दिवीसा’ (सगळा गॉल प्रदेश, आणि पुढे दिवीसा म्हणजे विभागलेला) असे सुरू होते. तिथे ‘विभागला गेला’ असा अर्थ बसत नाही. ‘विभागलेला आहे’ असा स्थितीचा अर्थ आहे.

शमीपत्र
मान्य. तिथे दिवीसा विशेषणासारखे आले आहे. संदर्भात घटना असेल तर भूतकाळ, स्थिती असेल तर ‘-लेला आहे’. चाचणीतल्या सुट्या वाक्यात बहुधा घटनाच असते.

उंबरफूल
आणि ‘कडून’ कुठे लावायचे ते कुणी सांगितलेच नाही. माणसाकडून असेल तर आ किंवा आब आणि पंचमी. साधन असेल तर नुसती पंचमी. आ मीलिते ग्लादिओ वुल्नेरातुस एस्त: सैनिकाकडून तलवारीने जखमी झाला. तलवारीला ‘आ’ लावला की गुण गेले.

माझ्या मते खरा उपाय प्रत्येक क्रियापदाची चार रूपे पाठ करणे हाच: कापिओ, कापेरे, केपी, काप्तुम. तिसऱ्यातून कर्तरी भूतकाळ, चौथ्यातून कर्मणी. फेरो (वाहून नेणे), फेर्रे, तुली, लातुम अशी रूपे तर तक्ता पाहून कधीच सापडणार नाहीत. फाकिओचे (करणे) वर्तमानकाळी कर्मणी रूप फिओ, तेही वेगळे लिहून ठेवा.

रानवाट
१, २, ४ कळले. तिसऱ्याची कसोटी उपयोगी आहे. आता तिसऱ्या गणात अडकले. रेगिसचे (तू राज्य करतोस) कर्मणी रूप ‘रेगिरिस’ का नाही?

शमीपत्र
र च्या आधी तो इ टिकत नाही, ए होतो, म्हणून रेगेरिस. भविष्यकाळी आमाबिसचे आमाबेरिस होते तेही याच कारणाने. पण जपा: रेगेरिस वर्तमान आहे आणि भविष्यही. भविष्यात मधला ए दीर्घ. अभ्यासाच्या पुस्तकात त्यावर आडवी रेघ असते. चाचणीत रेघा नसतील तर शेजारच्या क्रियापदांवरून काळ ठरवा. हेत्वर्थकही या गणात वेगळे: आमारेचे आमारी, पण रेगेरेचे रेगी, ‘एरे’ सगळे जाते.

रानवाट
शेवटचे. ‘पुएर आएगेर विदेतुर’ हे ‘आजारी मुलगा पाहिला जातो’ का?

उंबरफूल
नाही. विदेतुर बहुतेक वेळा ‘दिसतो, वाटतो’ या अर्थी येते. ‘मुलगा आजारी दिसतो’ असे लिहा. सोबत ‘आ’ घेऊन माणूस आला असेल तरच ‘पाहिला जातो’चा विचार करा.