गॅलरीतली, ग्रिलमधली, गच्चीवरची बाग: तुमचे अनुभव लिहा

ठाणे-नवी मुंबईत कुंडीत काही ना काही लावणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. पुण्याकडचे सल्ले इथे सरसकट चालत नाहीत. आपल्याकडे पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर, हवा दमट, आणि ऊन मिळेल तेवढंच. तेव्हा इथे काय टिकलं ते सांगा. गॅलरीची दिशा आधी लिहा, त्याशिवाय बाकीचं कळत नाही.

नेरूळ, दक्षिणेची गॅलरी
थंडीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं, म्हणून टोमॅटो, मिरची, मेथी तेव्हाच. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो) होऊन गेला की जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि माझ्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही. ते महिने पुदिना, अळू आणि पानाच्या ओव्याचे. मेमध्ये फळभाजीचा हट्ट धरू नका, रोप बिचारं नुसतं लांबत जातं.

घोडबंदर रोड, अकरावा मजला
दुधीला फुलं भरपूर, फळ मात्र धरेना. इतक्या वर मधमाश्या क्वचितच येतात. मग परागीकरण हातानं सुरू केलं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे पेराएवढा लवदार दुधी दिसतो ते मादी. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. जमलं की ते पेर फुगायला लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. आमच्याकडे दिवेलागणीला हे काम सासूबाईंचं, त्यांचा हात फार हलका आहे.

वाशी, ग्रिल
नुसती लाल माती भिजली की जड होते आणि घट्ट बसते. ग्रिलवर भार नको म्हणून माती, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), शेणखत सारख्या भागात घेतो. जून लागला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढाच. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो, आठवडा-दहा दिवस त्याला पुरतात. आणि पाणी घालायचं ते खालच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे उचलल्यावर.

पाचपाखाडी, गच्ची
मोगरा. जानेवारीअखेर छाटणी, मग शेणखत आणि भरपूर ऊन. उन्हाळाभर ओंजळी भरतात.

खारघर, पूर्वेची खिडकी
जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला की आधी मुंग्या बघा. त्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. पाण्याच्या जोरदार धारेनं फांद्या धुवून काढते. नंतर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. फवारणी ऊन उतरल्यावर आणि पानांच्या खालून, कारण तो तिथेच दडून बसतो.

कोपरखैरणे, उत्तरेची गॅलरी
नेरूळच्या ताई, पुदिन्याच्या काड्या मिळतील का? माझ्याकडे काळ्या देठाच्या अळूचे कंद आहेत, खास वडीचं. ज्यांना हवेत त्यांनी पाऊस सुरू व्हायच्या आत कळवा.