घाऊक खरेदी नेहमीच स्वस्त पडते का?

महिन्याचं सगळं एकदम मोठ्या पॅकमध्ये भरा, हा नेहमी मिळणारा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ५ किलोवर १० टक्के सूट मिळाली आणि त्यातलं अर्धा किलो किडीने किंवा खवट होऊन गेलं, की सूट तिथेच संपली. अख्खी कडधान्यं, मीठ, साखर, साबण खुशाल मोठ्या पॅकमध्ये घ्या. पीठ, दाणे, मसाल्यांची पूड मात्र लहानच बरी. दळलेल्या मालाला हवा जास्त लागते, म्हणून वास लवकर उतरतो.

किती लागतं ते अंदाजाने ठरवू नका. पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. १ किलो १२ दिवस पुरलं तर महिन्याला अडीच किलो, बस्स. यादी करण्याआधी डबे उघडून बघायचे आणि शिल्लक वजा करायची. (इथेच बहुतेकांचा कंटाळा आडवा येतो.)

तेल घेताना लिटर की किलो ते वाचा. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, त्यामुळे नुसत्या छापील किमतींची तुलना फसवी. भाजी-फळांचे पैसे वेगळे काढून त्यांचे आठवड्यागणिक भाग करा, नाहीतर पहिल्या पंधरवड्यातच संपतात.