ज्येष्ठ कलावंताला प्रत्यक्ष ऐकताना नेमके काय मिळते?

स्वरवेडा:
ज्या गायकांची ध्वनिमुद्रणे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि ज्यांच्या कित्येक ताना मला तोंडपाठ आहेत, त्यांची मैफल प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आता येत आहे. त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. ऐन उमेदीतला आवाज मुद्रणांत जपलेला असताना थकलेला आवाज ऐकायला कशाला जायचे, असे काही मित्र विचारतात. मी जाणारच आहे आणि त्याचा आनंद आतापासून मनात मावत नाही. तरीही मुद्रणात न सापडणारे असे मैफलीत काय असते, हे जाणकारांकडून समजून घ्यावेसे वाटते.

मंद्रसाधक:
आपण अवश्य जावे. ख्यालात, म्हणजे रागदारी गायनाच्या प्रमुख प्रकारात, बंदिश (बांधलेली गीतरचना) आणि ताल ठरलेले असतात, पण बाकीचे बहुतेक सारे गाणे त्या क्षणी, आपल्या डोळ्यांदेखत घडत असते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या 12 मात्रांचे आवर्तन (तालाचा एक फेरा) संपत आलेले असते, गायक अजून एखाद्या स्वराभोवतीच रेंगाळत असतो, तबलजी त्याच्याकडे पाहत असतो आणि आता मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, कसा पोहोचणार, या विचाराने सारे सभागृह सावरून बसते; मग तो अलगद समेवर येतो आणि सगळीकडून एकदम दाद उमटते. शंभरदा ऐकलेल्या मुद्रणात हीच जागा येते तेव्हा पुढे काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. शिवाय मिळालेली दाद गायकापर्यंत पोहोचते आणि तिच्यामुळे तो एखाद्या स्वरावर आणखी थोडा वेळ थांबतोही. म्हणजे ते गाणे काही अंशी आपल्या उपस्थितीमुळे तसे घडते, आणि मला यातला सर्वांत मोठा आनंद हाच वाटतो.

मुद्रणाच्या तंत्राची मर्यादाही लक्षात घ्यावी. गायक अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांच्या काळातील तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्या तबकड्या अमोल आहेतच, पण मैफलीत तास-तासभर फुलणारा राग त्यांना आवरून सांगावा लागला.

गांधार:
वयाविषयी थोडे लिहितो. गायक मल्लिकार्जुन मन्सूर (1910–1992) उतारवयातही मैफली गाजवत होते आणि त्या काळातील त्यांचे गाणे रसिक आजही आवडीने ऐकतात. 1938 साली जन्मलेले हरिप्रसाद चौरसिया यांनी ऐंशीनंतरही व्यासपीठावर बासरी वाजवली, आणि बासरी हे तर सर्वस्वी श्वासावर उभे असलेले वाद्य आहे. वयाबरोबर दमसास कमी होतो, तानांची लांबी घटते, तार सप्तकातला (वरच्या स्वरांतला) वावर जपून होतो, हे खरेच आहे. परंतु नेमके कोणते स्वर घ्यायचे आणि कोणते सोडायचे, याची जाण त्याबरोबर कमी होत नाही, उलट पुष्कळदा वाढलेली दिसते. मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांकडेही लक्ष असू द्यावे. गुरू गाण्यातली एखादी जागा अर्धवट सोडतात, शिष्य ती उचलून पुरी करतो, आणि कधी गुरू पुन्हा तीच जागा वेगळ्या वळणाने गाऊन दाखवतात. तालीम कशी दिली जाते, हे त्या वेळी सर्वांसमक्ष पाहायला मिळते, आणि मला तरी हे पाहण्यासाठी कितीही दूर जावे लागले तरी चालेल.

मंद्रसाधक:
शिष्यांचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. आपण तो फार चांगला मांडलात.

जवारी:
माझे एवढेच सांगणे आहे की, वेळेच्या बरेच आधी पोहोचावे आणि वाद्ये जुळवली जात असतानाही लक्ष देऊन ऐकावे. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात सतारवादक रविशंकर आणि सरोदवादक अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्ये जुळवली, तरी श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना वादन सुरू झाले असे वाटले, हे खरे. पण तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) लागून षड्ज (सा) भरून येतो तेव्हा दाद द्यावीशी वाटावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

स्वरवेडा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बसण्याची जागा कोठे निवडावी, हेही कृपया सांगावे.

गांधार:
गायक आणि तबलजी यांची नजरानजर दिसेल इतके जवळ बसावे, मात्र ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर बसू नये. मोबाइलवर चित्रण करण्याचा मोहही टाळावा, कारण पडद्याकडे पाहताना समोरचे गाणे निसटते.