शंभूरावांचा विंचू

वर एका ताईंनी लिहिलंय, की आजी-आजोबा रोज बसवून चार गोष्टी सांगायचे म्हणून आपण घडलो. मला हे अर्धंच पटतं. विनोबा भाव्यांचं बघा. जन्म १८९५चा, कोकणातल्या गागोद्याचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, त्यामुळे लहानपणी सहवास आजोबांचा, शंभूरावांचा. एकदा पूजा चालू असताना देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. 'मारा, मारा' असा एकच गलका झाला. आजोबा म्हणाले, तो देवाच्या आश्रयाला आलाय, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि पूजा पुढे चालू! (आमच्याकडे आधी चप्पल आली असती.) यात नातवाला उपदेश कुठे होता? त्याने फक्त पाहिलं, आणि ही आठवण विनोबा पुढे मोठेपणीही सांगत.

शंभूराव चांद्रायण व्रतही करत. चंद्राच्या कलेप्रमाणे जेवणाचे घास वाढवायचे, मग कमी करत आणायचे. चंद्रोदय रात्री उशिरा असला तर झोपलेल्या नातवाला उठवून प्रसाद मिळे.

ताई, तुमच्या आजींनी काही न बोलता नुसतं केलेलं असं काय आठवतं? ते वाचायला आवडेल.