मदत हवी आहे: प्रतिक्रियांच्या वेगाला आयपीशिवाय (म्हणजे इंटरनेट पत्ता न वापरता) लगाम कसा घालावा?
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या वर्डप्रेस साइटवर कुणीतरी, बहुधा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम), धडाधड प्रतिक्रिया टाकतंय. वर्डप्रेसमध्ये दोन प्रतिक्रियांत १५ सेकंदांचं अंतर मुळातच असतं, पण ते अगदीच अपुरं. फिल्टर (वर्डप्रेसचं वागणं बदलणारा छोटा कोड) लावून ते २ मिनिटं करता येईल. अडचण वेगळीच आहे: लॉगिन नसलेल्यांना वर्डप्रेस आयपी किंवा ईमेलवरून ओळखतं, आणि मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांमागे एकच आयपीव्ही४ पत्ता वापरतात. म्हणजे एकाच्या उपद्रवापायी भलतेच वाचक अडकणार! आमचे बहुतेक वाचक मोबाइलवरचेच, त्यात ज्येष्ठ बरेच. त्यांच्यावर लॉगिनची सक्ती मला मुळीच नको. एनजिनएक्समध्ये (आमच्या वेब सर्व्हरमध्ये) कुकीवर, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या ओळखखुणेवर, मर्यादा घातली, तर बॉट कुकी टाकून देईल ना? फक्त नव्या ईमेलपुरती कडक मर्यादा कुणी लावली आहे का? कोड असेल तर कृपया द्या.